बिनमालकाचा टोमणा

वाकणकोंडात माघ लागला की गावातली निम्मी माणसं जमिनीवर राहत नसत, झाडांवर राहत. ऐन, किंजळ, जे काही पानानं भरलेलं दिसेल त्याच्या कोवळ्या फांद्या तोडायच्या. त्याला तिकडे कवळ म्हणत. त्या कवळाचे भारे बांधायचे, डोक्यावरून उतरणीनं खाली आणायचे, दाढीच्या, म्हणजे भाताची रोपं काढायच्या, तुकड्यावर पसरायचे आणि उन्हाळ्यात भाजून काढायचे, म्हणजे त्या राखेत भाताचं बी नीट रुजतं. हे काम अकलेचं नव्हे, हातांचं. ज्याच्या घरात हात जास्त त्याची दाढ मोठी, आणि ज्याची दाढ मोठी त्याचा गावात आवाज मोठा.

रावजी हिशेबी माणूस होता. स्वतःच्या हातांपेक्षा दुसऱ्याच्या हातांचा हिशेब त्याला जास्त पाठ होता. घरात बायको गंगा, तिचे दोन हात. भाऊ दादू मुंबईला गिरणीत. त्याचे हात तिकडे सुतात गुंतलेले, पण त्याच्या वाटणीची खाचरं इथंच होती आणि त्यांतलं भात रावजीच्याच कणगीत पडत होतं. आणि दादूची मुलगी राही. आई गेल्यापासून ती चुलत्याच्याच घरी वाढलेली. आता पंधराची झाली होती. उंच, काटक, भारा एका हिसक्यात डोक्यावर घेणारी. अशा मुलीचे दोन हात रावजी चार धरत असे.

पण त्या हातांना दादूनं कुलूप घालून ठेवलं होतं. मुंबईत त्याच्या चाळीमागच्या शाळेत त्यानं एक मास्तरीण बघितली होती. पायांत वहाणा, हातात छत्री, आणि ती आली की मजुरांवर हुकूम चालवणारा गिरणीतला दांडगा जॉबरसुद्धा बोळात अंग चोरून तिला वाट देई. ते बघून दादूच्या डोक्यात बसलं, फायनल झाली की आपली राहीही अशीच मास्तरीण होईल. गणपतीला आला तेव्हा त्यानं वाघजाईच्या पायरीवर नारळ ठेवला आणि रावजीला म्हणाला, "फायनलची परीक्षा होईस्तवर पोरीला शाळेतनं काढायची नाय. काढलंस तर तुझी माझी वाटणी."

वाटणी हा शब्द रावजीला विंचवासारखा चावला. तेव्हापासून राही पहाटे दळण, पाणी, शेण करून शाळेत जाई, आणि शाळेतून आली की मावळतीपर्यंत कवळाचे भारे वाही. पण मधला सगळा दिवस वाया! रावजी उन्हात घाम पुसत खालच्या बाजूला बघे. खोतांच्या जुन्या भाताच्या कोठीत शाळा भरायची. तिथून पोरांचा कालवा वर येई आणि रावजीला वाटे, आपले चार हात तिथं बसून माशा मारतायत.

शेवटी एका सकाळी त्यानं ठरवलं, आज जायचं आणि मास्तरला सांगायचं, पोरीच्या काकीच्या पाठीत उसण भरली आहे, पंधरा दिवस पोर येणार नाही. गंगेची पाठ धडधाकट होती, पण बायकोची पाठ कधी भरवायची हे नवऱ्यानं ठरवावं अशी त्याची समजूत होती. ऐनावरून तो तसाच उतरला, कोयती कमरेच्या आकडीत अडकवली आणि शाळेकडे निघाला.

दारातून शिरायची त्याला भीड पडली. आत पोरं बसलेली, मास्तर उभे. श्रीपती मास्तर रत्नागिरी शहरातले. बारीक अंगाचे, तपकिरीचे शौकीन, कोटाला खडूची पांढरी किनार. रावजी भिंतीच्या कडेनं खिडकीखाली जाऊन बसला. तास संपला की बोलू.

आत मास्तर कविता म्हणत होते. सुरात नाही, पण सावकाश. एकेक शब्द पाटावर मांडल्यासारखा.

"आंब्याच्या खांद्यावरच्या रे हिरव्या बांडगुळा,
झडला आंबा, तरी तुझा हा डौल कसा आगळा?
मुळे कुणाची, माती कुणाची, कुणी शोषिले पाणी,
पुसेल कोणी, तेव्हा ओठी येइल कुठली वाणी?"

रावजीनं मान वर केली. बांडगूळ? पुस्तकात बांडगूळ? आंब्याच्या फांदीत मूळ घुसवून फुकटचा रस पिणारं ते हिरवं जनावर त्यानं जन्मभर कोयतीनं उडवलं होतं. त्याच्यावर कोणी कविता करील आणि सरकार ती छापील हे त्याच्या गावीही नव्हतं.

"आता सांगा," मास्तर म्हणाले, "इथं कवी बोलतोय कुणाशी?"

"बांडगुळाशी!" वर्ग ओरडला.

"बांडगुळाला कान असतात काय रे?"

पोरं खिदळली.

"मग कान नसलेल्याशी हा शहाणा माणूस का बोलतोय? बोलतोय एकाशी, ऐकायचंय दुसऱ्यानं. त्या दुसऱ्याला ओळखायचं, हा खरा अर्थ. बघा, खिडकीतून बघा बरं. समोरच्या आंब्यावर काय दिसतं तुम्हाला?"

नेमकं याच वेळी रावजीला राहवलं नाही. मास्तर काय दाखवतायत ते बघावं म्हणून तो उठला आणि खिडकीत त्याचं मुंडासं उगवलं.

वर्गानं बघितलं. मग मागून कुणीतरी किंचाळलं, "गुरुजी, बांडगूळ!"

आणि शाळेचं छप्पर उडेल असं हसू फुटलं. पोरं एकमेकांच्या अंगावर पडत होती. मास्तरांनीसुद्धा तोंडाला रुमाल लावला. एकटी राही मान खाली घालून पुस्तकात बघत होती. तिचे कान लाल झाले होते.

रावजी आल्या वाटेनं परतला. उसणीचं काही बोललाच नाही.

घरी गंगेनं त्याला बघितलं आणि हातातलं सूप खाली ठेवलं. "डोसक्यात काय खोवलंयस ते? लगीन हाय काय तुझं?"

रावजीनं मुंडाशाला हात लावला. ऐनाची एक पानासकट डहाळी, चांगली वीतभर, झाडावरून उतरताना मुंडाशात अडकली होती, ती तशीच उभी होती. तशीच घेऊन तो सगळ्या गावातून गेला होता.

"बघ," गंगा म्हणाली, "म्हणून हसलीत पोरं."

"डहाळी मंग दिसली," रावजी म्हणाला. "कविता आधीची होती."

या मुद्द्यावर तो अडून बसला. पोरं डहाळीला हसली हे खरं. पण मास्तरनं बांडगूळ काढलं ते रावजी खिडकीत दिसायच्या आधी. म्हणजे मास्तरच्या मनात काहीतरी होतं.

संध्याकाळी राही भारा टाकून आली, हातपाय धुतले आणि चुलीशी बसली. रावजीनं विचारलं, "ती कविता कुनावर हाय गो?"

"ती अन्योक्ती हाय, काका."

"म्हंजे?"

"बोलायचं एकाला नि लागायचं दुसऱ्याला. गुरुजी बोलले, लेकी बोले सुने लागे, तसं."

"म्हंजे टोमणा!" रावजीनं मांडीवर थाप मारली. "तरी मी बोल्लो!"

आता टोमणा काय असतो हे वाकणकोंडात कुणी कुणाला शिकवायची गरज नव्हती. समोरासमोर कडू बोलायची त्या गावात रीत नव्हती. भावाभावांत तर नव्हतीच. शेजारणीला बोलायचं असलं तर बाई आपल्या कोंबडीला बोले. सासऱ्याला बोलायचं असलं तर सून चुलीतल्या ओल्या लाकडाला बोले. या विद्येत गंगा तर आचार्य होती. तिच्या जात्यानं आजवर अर्ध्या गावाचा पाणउतारा ऐकला होता. पण एक नेम होता. प्रत्येक टोमण्याला मालक असायचाच. हवेत टोमणा सोडला आणि तो कुणालाच लागायचा नव्हता, असं कधी घडत नसे.

"मंग ह्याचा मालक कोन?" रावजीनं विचारलं.

"ते आपण शोधायचं, असं गुरुजी बोलले."

"नि वर्गात कोन शोधलंन?"

राही भाकरीचा तुकडा मोडत राहिली. "कोनी नाय. तास संपला."

रावजीला मात्र मालक सापडला होता. मुळे कुणाची? दादूची. माती कुणाची? दादूच्या वाटणीची. पाणी कुणी शोषलं? हे मास्तरला कळलं कसं? पोरीनंच घरातलं शाळेत नेलं असणार. आणि मास्तरनं ते घरचं उष्टं गावासमोर मांडलं.

अशा वेळी मनात दोन गोष्टी एकदम येतात. एक अपमान. दुसरी अशी की आता पोरीला शाळेतून काढायला चांगलं निमित्त झालं. दादूसुद्धा काही बोलू शकणार नाही. रावजीनं दोन्ही एकाच गाठोड्यात बांधल्या आणि सकाळी गावकीच्या कानावर घातल्या. वाघजाईचा गुरव धोंडू म्हणाला, येत्या पाळणुकीला गाव जमेल. त्या दिवशी अवजाराला हात लावायचा नसतो, म्हणजे माणसांना तोंडाचं काम करायला सवड.

"तवर पोर शाळेत जायाची नाय," रावजीनं घरी सांगितलं.

राही उठली. तिनं दप्तर खुंटीला टांगलं, दोरी घेतली आणि डोंगराची वाट धरली.

रावजीला हवे होते ते चार हात मिळाले. त्यानं वरून फांद्या पाडायच्या, तिनं खाली गोळा करून भारे बांधायचे. ऊन जांभ्या दगडाच्या सड्यावरून असं परतायचं की पायाखालूनही भाजावं. राहीच्या मानेवर कवळाचा चीक आणि घाम एक होऊन काळा पट्टा उमटला. भारा डोक्यावर घेतला की पानं तिच्या तोंडावर येत आणि ती दिसेनाशी होई. नुसता एक हिरवा ढीग दोन काळ्या पायांवर उतरणीला लागे. काम चोख होतं. पण रावजीच्या जिवाला स्वस्थता नव्हती.

कारण ती पुटपुटत होती. भाऱ्याला गाठ मारताना, उचलताना, उतरताना. आधी त्याला वाटलं, शिव्या देते आहे. कान दिला तर तीच कविता. 'आंब्याच्या खांद्यावरच्या रे' म्हणताना दोरी ओढायची, 'हिरव्या बांडगुळा'ला गाठ बसायची. असं दिवसभर.

"गप ऱ्हा गो!" तो वरून ओरडला.

ती गप्प राहिली. पण थोड्या वेळानं रावजीच्या ध्यानात आलं की आपली कोयती त्याच तालावर पडते आहे. मुळे कुणाची, खच्च. माती कुणाची, खच्च. त्यानं हात थांबवला. फांदी अर्धी तुटून लोंबत होती. त्यानं ताल मोडायचा म्हणून दुसरंच गाणं मनात आणलं, पण कोयती उचलली की पुन्हा तेच. शिवी दिली तर माणूस दोन दिवसांत विसरतो. ही तर अंगात शिरून कामाला लागली होती.

रात्री अंथरुणावर पडल्यावर तो गंगेला म्हणाला, "गो, टोमणा असा पाठ व्हतो काय कवा?"

"माझे सगळे तुला पाठ हायत की," गंगा म्हणाली आणि कूस वळवून झोपली.

पाळणुकीच्या दिवशी दुपारी वाघजाईच्या देवळात गाव जमला. पुरुष मंडपात, बायका बाहेर पायरीच्या सावलीला. गोपाळकृष्णपंत खोतांसाठी घोंगडी टाकली होती; त्यांच्या मळ्यात कसणारेच सगळे, तेव्हा ते आल्याशिवाय गाव जमला असं कुणी म्हणत नसे. श्रीपती मास्तर कोट घालून आले होते आणि उभेच होते. बदली झाली तर घाटावर कुठंतरी फेकतील अशी त्यांना धास्ती होती. खिशातली तपकिरीची डबी ते उगीच चाचपत होते.

धोंडू गुरवानं रावजीचं गाऱ्हाणं मांडलं. मास्तरनं भर वर्गात रावजीला बांडगूळ म्हटलं. पोरीला शाळेत धाडायचं की नाही ते गावानं सांगावं.

"मी म्हणालो नाही हो," मास्तर म्हणाले. "कवी म्हणतो."

"तो कवी रावजीला वळखतो काय?" मागून बाबल्यानं विचारलं. बाबल्या सासऱ्याच्या घरी राहणारा घरजावई. आयत्या घरात पाय पसरून बसलेल्या माणसाला दुसऱ्याची थट्टा स्वस्त पडते. लोक हसले.

"आधी कविता तरी ऐकू," पंत म्हणाले. "म्हणा, मास्तर."

मास्तरांनी म्हटली. आवाज बारीक होता, पण देवळाच्या गाभाऱ्यामुळं तो घुमला आणि जितका होता त्यापेक्षा मोठा झाला.

पहिला बोलला धोंडू. "हे रावजीवर नाय. हे माझ्यावर हाय."

"तुझ्यावर कसं?"

"देवीचं मी खातो. नारळ तुमचा, तांदूळ तुमचे, कोंबडा तुमचा. देवीच्या खांद्यावर कोन बसलाय? मीच की!" त्यानं मास्तरांकडे डोळे वटारले. "मास्तर, तुमाला प्रसाद कवा कमी दिला मी?"

"अहो, पण..."

"नाय नाय," बाबल्या उठला. त्याचं तोंड मघापेक्षा निराळं दिसत होतं. "आंब्याच्या खांद्यावर! आमच्या सासऱ्यांच्या दारात आंबा हाय. सगळा गाव जानतो. हे माझ्या घरावर हाय. कुनी सांगितलं मास्तरला? कोन बोल्ला?" तो गर्रकन वळून सगळ्यांची तोंडं बघू लागला.

आणि मग रावजीला एक अजब दिसलं. बोललं कुणी काही नाही, पण 'मुळे कुणाची, माती कुणाची' मनात घोळवत माणसं हळूहळू एकाच दिशेला बघायला लागली होती. पंतांच्या घोंगडीकडे. पंतांनी तपकीर ओढली. मग ओढल्याचं आठवलं नसावं म्हणून पुन्हा ओढली. गोरा चेहरा मानेपासून वर तांबडा होत गेला. पिढ्यान्पिढ्या ज्यांची मान वर होत नव्हती ती माणसं आता खोतांकडे बघत होती, आणि बघण्यात राग नव्हता, नुसता प्रश्न होता. एवढं धाडस त्यांच्या डोळ्यांत आणलं कुणी? त्या पोरांच्या पुस्तकातल्या चार ओळींनी.

"मास्तर," पंत हळू म्हणाले, "ही तुम्ही कुणावर म्हणून शिकवलीत? खरं सांगा."

मास्तरांनी डबीवरचा हात काढला. "पंत, मी ही कविता बरीच वर्षं शिकवतोय. दरवर्षी मला ती माझ्यावरच वाटते. दुसऱ्यांनी लिहिलेल्यावर मी जगतो. माझी स्वतःची एक ओळ नाही." एवढं बोलून ते लाजले आणि घाईनं म्हणाले, "अर्थ माझ्यापेक्षा राही बरा सांगते. फायनलला बसायची आहे ती. विचारा तिला."

"मुलीला?" धोंडू म्हणाला. "मंडपात?"

"पायरीवरनं सांगू दे," पंत म्हणाले.

बायकांतून राही उठली. डोक्यावरचा पदर तिनं दोन्ही हातांनी धरला होता. बोटांना कवळाच्या चिकाचे काळे डाग. रावजीला वाटलं, आता ही सगळं बाहेर काढणार. दादूची खाचरं, कणगीतलं भात. त्यानं मान खाली घातली आणि जमिनीवरच्या एका मुंगीकडे बघत बसला.

"मला आधी वाटलं, ती माझ्यावर हाय," राही म्हणाली.

रावजीनं मान वर केली.

"आई गेली तवापासून मी काकीच्या घरात जेवते. मुळं माझी कुठं हायत? बाबा मुंबईला. हितं घर काकाचं. चूल काकीची. काकी स्वतः शिळं खाते नि मला ताजी भाकर देते, ते मला दिसतं. मंग वर्गात कविता आली तेवा मला रडू आलं. मी पुस्तकात तोंड घातलं. मला वाटलं, सगळी माझ्याकडंच बघून हसतायत."

पायरीवर गंगा एकदम म्हणाली, "गप गो! काय बोलतंस?" आणि पदराचा बोळा तोंडात घातला.

राहीनं पदर सारखा केला. आता ती परीक्षेत सांगतात तशी सांगू लागली, पण बोली घरचीच राहिली. "मंग मी डोंगरावर भारे वाहताना म्हनत ऱ्हायले. म्हनता म्हनता एक ध्यानात आलं. कवीनं बांडगूळ तोडा असं कुठंच सांगितलेलं नाय. त्याच्या हातात कोयती नाय. त्यानं नुसतं विचारलंन. नि उत्तरसुद्धा स्वतः दिलेलं नाय. शेवटी नुसतं विचारून सोडलंन. म्हंजे ज्याला विचारलं त्यानं उत्तर द्यायचं. ज्याला विचारलं असं वाटेल, त्यानं."

ती बसली.

रावजीनं मनाशी हिशेब केला. इतके दिवस आपण एका छपराखाली झोपलो, एका ताटाच्या अंतरावर बसलो, आणि एकच ओळ दोघांना दोन ठिकाणी लागत होती. त्याला वाटत होतं पोरीनं घरातलं शाळेत नेलं. आणि ती बिचारी शाळेतलं घरी आणून स्वतःच्याच मानेवर वाहत होती. आपण ज्या दिवशी खिडकीत उभे राहिलो त्या दिवशी ती आपल्यामुळं लाजली नव्हती, स्वतःला लाजली होती.

पंत उठले. घोंगडी त्यांनी स्वतःच झटकली. "निवाडा असा," ते म्हणाले, "टोमणा सापडलेला आहे. मालक मिळत नाही. ज्याचा असेल त्यानं पुढं येऊन न्यावा."

माणसं एकमेकांकडे बघत राहिली. पुढं येणार कोण? पुढं आला तो बांडगूळ. धोंडू मघाशी आपणहून बोलला होता, तोही आता गाभाऱ्यात दिवा सारखा करायला गेला. बाबल्याची चप्पल अचानक हरवली. होता होता मंडप रिकामा झाला. गाव असा न भांडता, न ठरवता कधी उठला नव्हता. जाणारा प्रत्येक जण खाली बघून चालत होता. जणू काहीतरी पडलं आहे आणि ते आपल्या पायाखाली येऊ नये.

रावजी मास्तरांच्या मागून देवळाच्या पाणंदीला लागला. वळणावर त्यानं त्यांना गाठलं.

"मास्तर, एक इचारू?"

"विचारा."

"ह्यो लिवणारा कुठल्या गावचा?"

"नाव दिलेलं नाही पुस्तकात. जुनी कविता, एवढंच."

"जिता हाय?"

"नसावा. शंभर वर्षांपूर्वीचा तरी असेल."

रावजी उभा राहिला. पाणंदीच्या दोन्ही अंगांना जांभ्याचे रचलेले गडगे होते, वर बांबूची सावली. त्याला काहीतरी मोठं मोजायचं होतं आणि माप सापडत नव्हतं. शंभर वर्षं म्हणजे आपला आजासुद्धा लहान. दादू नाही, गिरणी नाही, खाचरांची वाटणी नाही. त्या दिवशी कुठल्या तरी गावात कुणी तरी माणूस आंब्याकडे बघत बसला. आणि त्यानं सोडलेलं ते चालत चालत, किती घरं ओलांडून, बरोबर आपल्या दारात आलं. आणि धोंडूच्याही. आणि खोतांच्याही.

"मंग त्याला आमचं घर कसं म्हाईत?" रावजीनं विचारलं. थट्टेनं नव्हे, देवीला कौल लावताना विचारतात तसं.

मास्तरांनी तपकिरीची डबी उघडली, त्याच्यापुढं धरली. रावजीनं चिमूट घेतली नाही.

"हेच मी दरवर्षी शोधतो," मास्तर म्हणाले. "सापडलं तर पोरांना सांगणार आहे."

त्या संध्याकाळी गंगेनं राहीच्या ताटात दोन वेळा तूप घातलं, आणि राहीनं दोन्ही वेळा ते भाकरीला लावून खाल्लं. रावजीला पोरीला काहीतरी सांगायचं होतं. पण चुलत्यानं पुतणीला 'चुकलो' म्हणायचं म्हणजे नदीनं डोंगरावर चढायचं. तोंड उघडलं की त्याला जांभई यायची.

दुसऱ्या दिवशी पहाटे राही उठली. दळण झालं, पाणी झालं. दप्तर खुंटीला तसंच होतं. कुणी तिला जा म्हटलं नव्हतं, नको म्हटलं नव्हतं. तिनं दोरी खांद्यावर टाकली, कोयती घेतली आणि खळ्यात येऊन उभी राहिली.

रावजी गोठ्याच्या दारात उभा होता, पाठमोरा. आत, जिथं घरची पाडी, तरणी कालवड, बांधलेली असे, तिथं अंधार होता. त्या अंधाराकडे तोंड करून तो मोठ्यानं बोलू लागला.

"ऐकतंस काय गो पाडे? आजपासून तुला दावं नाय. फायनल होईस्तवर नाय. कवळ आमचं आमी उतरवू, माझे हात काय मोडले नाय. तुला कोन बोल्ला की तुझी मुळं हितं नायत? तुझ्या बापसाची माती हाय ही. मीच तिच्यावर..." त्यानं खाकरून घेतलं. "जा. चरून ये. उशीर नको करू, मास्तर रागावंल."

चुलीकडून गंगेचा आवाज आला. "कुनाशी बोलतंस? पाडी तर मी उजाडायच्या आधी रानात सोडलीय! गोठ्यात कोन नाय!"

"असंल कोनी तरी," रावजी म्हणाला. त्यानं मागं वळून बघितलं नाही. "तू भाकर बघ."

मग दोरी खाली ठेवल्याचा आवाज झाला. कोयती भिंतीला टेकल्याचा. खुंटीवरून दप्तर निघाल्याचा. रावजी त्या रिकाम्या अंधाराकडे बघत कान देऊन उभा होता. आपण बोललो ते शब्द तिथं कुठंच पडले नाहीत, वळून बरोबर जायचे तिथं गेले, याचं त्याला एवढं नवल वाटत होतं की हलायची छाती होईना.

राहीची पावलं पायरीपर्यंत गेली आणि थांबली. मग तीही गोठ्याकडे तोंड करून, त्याच्या खांद्यावरून आत, मोठ्यानं म्हणाली,

"पाडे, काकाला सांग, दुपारी येताना नवी कविता आणीन म्हनावं."